वरची निवळ

४ सप्टेंबर, सोमवार पोन (पोन हा आमच्या जावाच्या पाच वारांतला)

रासितीच्या रक्तातलं यीस्ट तिसऱ्या औषधालाही बधलं नाही. यीस्ट औषधापुढे वाढतं का ते दाखवणारी ताटली मीच वाचली. बायकोच्या नमुन्याची ताटली नवऱ्याने वाचू नये, असं आमच्या प्रमुखांचं म्हणणं. मी म्हणालो, मग वाचणार कोण? सोलोच्या या इस्पितळाच्या प्रयोगशाळेत बुरशीच्या टेबलापाशी माझ्याइतकं कुणी बसलेलं नाही. काचसामान धुण्यापासून सुरुवात केली, पदवी नाही, पण पुस्तकं प्रमुखांपेक्षा जास्त वाचली.

भात आंबवून तापे करतो, त्यातलं हे यीस्ट नव्हे. हे त्याचं दुष्ट चुलतभावंड. आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर मानेतल्या नळीवाटे रक्तात शिरलं आणि ठाण मांडून बसलं. या पेशींच्या अंगात पंप असतात. औषध आत आलं की पंप ते बाहेर फेकतो. कोणतं औषध, कशासाठी आलं, हे तो बघत नाही. आलं की बाहेर.

रासिती काचेआडच्या खोलीत आहे. आत फक्त डॉक्टर आणि परिचारिका. मी दिवसभर इतर रोग्यांचे नमुने हाताळतो, त्यामुळे मला तर अजिबातच मज्जाव. बाहेरच्या बाकावर बसायचं आणि फोनवर बोलायचं. तिचा फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिलाय. आवाज बादलीतून आल्यासारखा येतो.

"कांग, काय खाल्लंस आज?"

"जेवलात का, असं विचारावं."

"हिकडं मी मरायला टेकल्ये अन् ह्याला माझी भाषा दुरुस्त करायचीय!" हसली. मग बराच वेळ धापा टाकत राहिली.

ती बान्युमासची. तिकडची माणसं परातीत दगड टाकल्यासारखी बोलतात. सोलोच्या बायका नवऱ्याला आदराने 'मास' म्हणतात. ही लग्न होऊन आली त्या दिवसापासून 'कांग' म्हणते, तेही एकेरीत. सुधारायचा प्रयत्न करून मी थकलो.

निघताना तिने हात वर केला. मीही केला. काच मध्ये.

६ सप्टेंबर, बुधवार क्लिवोन

मला सुचलंय. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कुणी श्रेय लाटायला नको.

पंपाशी भांडण्यात अर्थ नाही. पंपाच्या तोंडात बोळा कोंबला पाहिजे. एका अगदीच वेगळ्या आजाराचं जुनं औषध आहे, ते पंपात अडकून बसतं असं मी वाचलंय. ते आधी द्यायचं. पंप त्याच्याशी झटत राहील, तेवढ्यात आपलं पहिलं, हरलेलं औषध आत मुक्काम करील.

रासितीच्या डॉक्टरांना, डॉ. सुबियाक्तोंना, जिन्यात गाठून सांगितलं. ते दमलेले होते, तरी आदराने 'बापाक' म्हणूनच बोलले.

"बापाक प्रायित्नो, कल्पना चांगली आहे. ताटलीवर दिसू दे. दिसलं तर मी देईन. आता माझ्याकडेही दुसरं काही उरलेलं नाही."

दुसरं काही उरलेलं नाही, हे त्यांनी म्हणायला नको होतं. मी नवरा आहे हे ते विसरले असावेत. माझ्या बोलण्यातली शास्त्रीय पातळी पाहून असं होतं.

८ सप्टेंबर, शुक्रवार पाहिंग

शहाण्णव वाट्यांची ताटली लावली. आडव्या रांगांत एक औषध चढत्या मात्रेने, उभ्या रांगांत दुसरं. कोपऱ्यातली एक वाटी बिनऔषधाची, तुलनेसाठी. मग प्रत्येक वाटीत रासितीचं यीस्ट, थेंब थेंब.

माझी एक पद्धत आहे. पेशी पाण्यात कालवल्या की नळी थोडा वेळ उभी ठेवायची. गाळ तळाशी बसतो. मग वरची निवळ घ्यायची. आपण कॉफी पितो तशीच. पूड खाली बसल्याशिवाय पेला कुणी तोंडाला लावतं का? परदेशी पुस्तकांत हे सापडणार नाही, कारण ते लोक कॉफी गाळून पितात. आजवर या पद्धतीने माझी एक ताटली चुकलेली नाही.

पाण्यात पेशी पुरेशा आहेत की नाही हे गढूळपणावरून ठरतं. त्याचं यंत्र आहे. मी डोळ्यांनी ठरवतो. यंत्र बिघडतं.

आमच्याकडे इबू (म्हणजे बाई) वेनिंग म्हणून नव्या सूक्ष्मजीवतज्ज्ञ आल्या आहेत. हुद्द्याने माझ्या वर, वयाने माझ्या मुलीसारख्या. सोलोच्याच, लावेयानच्या जुन्या बातिकवाल्यांच्या घरातल्या. बोलणं असं मऊ की कान पुढे करावा लागतो. आज त्यांनी ते यंत्र स्वतः पुसून, वायर जोडून, माझ्या हाताशी आणून ठेवलं.

"बापाक, उगाच आपलं धूळ खात पडलं होतं."

मी आभार मानले आणि बाजूला सरकवलं. नीटनेटकेपणाची आवड आहे त्यांना. चांगलं आहे.

९ सप्टेंबर, शनिवार पोन

नितळ!

ताटलीच्या खालच्या अर्ध्या भागातल्या वाट्यांत काही नाही. यीस्ट वाढलं की वाटीच्या तळाशी पांढरी टिकली दिसते. टिकली नाही. दोन औषधं एकत्र आली तिथे सगळं स्वच्छ. मी ताटली उजेडाकडे धरली, तिरपी केली, उलट्या दिशेने पाहिली. नितळ.

(बिनऔषधाच्या वाटीतली टिकलीही जरा विरळ आहे. यीस्ट थकलेलं असावं. इतकी औषधं पचवून कोण थकणार नाही?)

इबू वेनिंगना दाखवली. त्यांनी भिंग लावून पाहिलं. त्या बिनऔषधाच्या वाटीवर जरा जास्तच वेळ थांबल्या.

"इंग्गिह, बापाक," त्या म्हणाल्या. आमच्याकडे आदराने हो म्हणायचं ते असं. "फारच स्वच्छ आहे. इतकं स्वच्छ मी अजून पाहिलं नव्हतं."

"अनुभव लागतो," मी म्हणालो.

"इंग्गिह. तुमच्या नळीतलं उरलेलं मी ठेवून घेऊ का? एकदा स्वतः लावून बघावं म्हणते. माझ्या शिक्षणासाठी."

विद्यापीठातून थेट पदव्या घेऊन आलेली मुलगी माझ्याकडून शिकू पाहते. बरं वाटलं. नळी दिली. तळ ढवळू नका, वरचं घ्या, असंही बजावलं.

त्या हसल्या आणि मान खाली घातली.

१० सप्टेंबर, रविवार वागे

सुट्टी. स्वयंपाकघर शिस्तीत लावून झालं. डबे उंचीप्रमाणे, मसाले वर्णक्रमाने. आता काहीच सापडत नाही. सुक्या कोळंबीची तेरासी शोधायला सगळी फळी उतरवली. ती रासितीच्या हिशेबाने चुलीच्या मागे होती, कारण 'चुलीवर हात गेला की तिथंच पायजे'. वासाने सापडली.

कोपऱ्यावरच्या गाडीवरून मेंदोआन आणले. टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वडीचे, मऊ तळलेले तुकडे, वर हिरवी मिरची. ती असली की ते कढईतून निघाल्याबरोबर खाते, ओठ भाजतात, ओरडते, दुसरा उचलते. मी निवू देतो. आज निवले. मग खाल्ले नाहीत.

दुपारी तिचा आवाज ऐकावासा वाटला. फोन लावला, उचलला नाही. झोपली असेल. पुन्हा लावला नाही. तिच्या उशीवरचा एक लांब, अर्धा पांढरा केस उचलला आणि कुठे ठेवावा ते न कळून परत उशीवर ठेवला.

११ सप्टेंबर, सोमवार क्लिवोन

अहवाल डॉ. सुबियाक्तोंना दिला. त्यांनी दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उजळला, हे मी स्वतः पाहिलं.

"बुधवारी दुपारपासून सुरू करतो. त्या जुन्या औषधाने यकृतावर ताण येईल, पण आता धोका घ्यायलाच हवा. ताटलीबद्दल खात्री आहे ना?"

"माझी ताटली आहे," मी म्हणालो.

इबू वेनिंग शेजारीच होत्या. डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "बापाक प्रायित्नोंचा हात इथे सगळ्यात जुना आहे." डॉक्टर गेले. त्या तिथेच थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बापाक, या वाणाच्या गुठळ्या होतात असं ऐकलंय. तुम्हाला तर माहीतच असेल."

"सगळ्याच यीस्टच्या कधी ना कधी होतात."

"इंग्गिह."

त्यांनी आज चहा घेतला नाही. तब्येत बरी नसावी.

१२ सप्टेंबर, मंगळवार लेगी

रासितीशी भांडण झालं. आजारी माणसाशी भांडलो. लिहितो जसं झालं तसं.

बाकावर बसून तिला सगळं समजावलं. पंप, बोळा, नितळ वाट्या. ती डोळे मिटून ऐकत होती. काचेतून चेहरा लहान झाल्यासारखा दिसतो.

"म्हंजे उद्यापासनं नवं औषध?"

"हो. माझं."

"अन् ती नवी बाई काय म्हणली? तुझी ती लावेयानची?"

"इंग्गिह म्हणाल्या."

तिने डोळे उघडले. "किती येळा?"

"हे काय विचारणं झालं?"

"किती येळा म्हणली, कांग?"

"आठवत नाही. दरवेळी. आदराने बोलतात त्या, सगळ्यांना जमत नाही ते."

"आरं देवा!" ती उठून बसायला लागली, परिचारिका धावली. तिने परिचारिकेचा हात बाजूला सारला. "तुमच्या सोलोत इंग्गिह म्हंजे काय, हे मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. तुझी आई मला म्हणायची, इंग्गिह, रासिती, लुगडं छान हाय. अन् दुसऱ्या दिवशी नवं आणून ठेवायची. ती बाई तुला न्हाई म्हणत्ये! गळा फोडून न्हाई म्हणत्ये, अन् तुझ्या कानात मळ!"

"तुला यातलं काय कळतं?"

"यीस्टमधलं न्हाई कळत. माणसातलं कळतं. जाऊन विचार तिला. धड विचार. तुझी ताटली चुकली का, असं विचार."

"माझी ताटली चुकत नाही."

"मग घाल ते औषध माझ्या अंगात, अन् बस बाहेर नितळ वाट्या बघत!"

मी फोन बंद केला. काचेपलीकडे ती बोलतच होती. ओठ हलताना दिसत होते. मग तिने पिशवीतला फोन पलंगावर आपटला आणि भिंतीकडे तोंड केलं.

घरी आलो. तिचं म्हणणं अडाणीपणाचं आहे. बान्युमासचा माणूस नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणतो, म्हणून त्याला वाटतं जगात दुसरी तऱ्हाच नाही.

परंतु मीही सोलोचाच आहे. गेल्या वर्षी प्रमुखांनी माझ्या लेखावर त्यांचं नाव पहिलं घालू का विचारलं, तेव्हा मी काय म्हणालो होतो?

१३ सप्टेंबर, बुधवार पाहिंग

सकाळी सर्वांच्या आधी गेलो. इबू वेनिंग माझ्याही आधी आलेल्या. डोळे सुजलेले.

मी काही पाठ करून गेलो होतो. ते सगळं राहिलं. म्हणालो, "इबू, आज इंग्गिह म्हणायचं नाही. दुसरं काहीही म्हणा. माझी ताटली चुकली का?"

त्या उभ्या होत्या त्या बसल्या. हात मांडीवर घेतले.

"चुकली, बापाक."

इतका छोटा शब्द. मला वाटलं होतं, यापुढे निदान 'कदाचित' येईल.

त्यांनी इन्क्युबेटरमधून आपली ताटली काढली. माझ्याच नळीतलं यीस्ट. फरक इतकाच की त्यांनी नळी उभी ठेवली नाही. सतत हलवत राहिल्या, गुठळ्या फोडल्या, मग यंत्रावर गढूळपणा मोजला. ताटली माझ्यासमोर ठेवली. माझ्या जोडीच्या सगळ्या वाट्यांत टिकल्या. पांढऱ्या, जाड, गुबगुबीत. बोळा कोंबलेल्या पंपासकट माझं यीस्ट मजेत वाढलं होतं.

"हा वाण गुठळ्या करून राहतो. गाळ समजून तुम्ही जे तळाशी ठेवलंत, तेच यीस्ट होतं. वरच्या निवळीत जवळजवळ काही नव्हतंच. नसलेलं यीस्ट कुठलंही औषध मारतं."

"बिनऔषधाची वाटी," मी म्हणालो. "ती विरळ होती. मी पाहिली होती. लिहूनही ठेवली."

"इंग्...," त्या थांबल्या. "हो. पाहिली होतीत."

मला राग आला. कुणाचा, ते आता लिहिताना नीटसं सांगता येत नाही. तेव्हा त्यांचा आला. "मग सांगितलं का नाही? माझी बायको आहे ती!"

"सांगितलं, बापाक. यंत्र पुसून आणलं. शिकायचंय म्हटलं. कधी पाहिलं नाही इतकं स्वच्छ आहे म्हटलं. गुठळ्या म्हटलं. आमच्या घरात यापेक्षा मोठ्याने कुणाला काही सांगितलेलं मी ऐकलेलं नाही." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण आवाज तसाच मऊ. "आज अकरा वाजता मी डॉक्टरांकडे जाणार होते. तुम्हाला न सांगता."

"गेला असतात तर मी पुन्हा तुमचं तोंड पाहिलं नसतं."

"माहीत आहे. तरी जाणार होते."

मी त्यांची ताटली उचलून उजेडाकडे धरली. सवय. आणि डाव्या कोपऱ्यात काही वाट्या दिसल्या, टिकली नसलेल्या.

"हे काय?"

"पेशीच्या भिंतीवर घाव घालणारं औषध, आणि आधी एकटं दिल्यावर लगेच हरलेलं दुसरं. दोन्ही हरलेलीच. एकत्र लावली, कारण माझ्याकडे रांगा उरल्या होत्या. भिंतीला भगदाड पडलं की पंपाने कितीही उपसलं तरी दुसरं औषध आत येतच राहतं. निदान मला तसं वाटतं. थोड्याच वाट्या आहेत. मी काल पुन्हा लावली, तेव्हाही तितक्याच आल्या. पण ताटली म्हणजे माणूस नाही. मूत्रपिंडं सांभाळावी लागतील. मी वचन देत नाही."

वचन देत नाही, हेही त्यांनी सरळ सांगितलं.

डॉ. सुबियाक्तोंना मीच फोन लावला. इबू वेनिंग म्हणाल्या, मी लावते. मी नको म्हणालो. डॉक्टरांना म्हटलं, "माझा अहवाल फाडून टाका. पेशी तळाशी राहिल्या, मी वरचं पाणी तपासलं. खरी ताटली इबू वेनिंगची आहे, त्या वर येतायत." ते शांतपणे म्हणाले, "पाठवा त्यांना." त्यापेक्षा मला कुणी कानशिलात मारली असती तर बरं वाटलं असतं.

मग बाकावर गेलो. रासिती भिंतीकडेच तोंड करून होती. फोन लावला. उचलला, पण वळली नाही.

"विचारलं," मी म्हणालो.

"मग?"

"चुकली."

पाठ हलली. हसली की खोकली, काचेतून कळलं नाही.

१५ सप्टेंबर, शुक्रवार वागे

नवी जोडी सुरू. ताप उतरला नाही. लघवी कमी. डॉक्टरांनी एका औषधाची मात्रा खाली आणली.

ती बोलत नाही, ताकद नाही. फोन कानाशी धरून ठेवते. मी कान लावून तिचा श्वास ऐकतो.

१८ सप्टेंबर, सोमवार पाहिंग

रक्ताच्या बाटल्या आल्या. यीस्ट जिवंत असेल तर बाटलीत वाढतं आणि यंत्र दिवा लावतं. आधीच्या खेपेला दिवा दुसऱ्याच दिवशी लागला होता.

बाटलीवर तिचं नाव मी लिहिलं. रासितीचा 'ती' वाकडा आला. खोडला नाही.

ताप थोडा कमी आहे. थोडा म्हणजे किती, ते मला माहीत आहे; लिहीत नाही. लिहिलं की मी त्यावर घर बांधतो.

२० सप्टेंबर, बुधवार वागे

दिवा नाही. दिवसभर यंत्राजवळ कामं काढत होतो. कारकुनाने विचारलं, "बापाक, तिथे मध सांडलाय का?"

संध्याकाळी परिचारिका म्हणाली की तिने कपभर पातळ भाताची पेज घेतली आणि "ही पेज आहे की भांडी धुतलेलं पाणी?" असं विचारलं. परिचारिका नाराज होती. मी तिची माफी मागितली आणि जिन्यात जाऊन हसलो. हसता हसता दुसरंच काही झालं. रुमाल नव्हता, बाहीने पुसलं.

बाकावर तिला पाहत राहिलो. पूर्वी वाटायचं, ती घरी यावी. आता एवढंही मागत नाही. काच नसावी, बस. एक हातभर अंतर.

२३ सप्टेंबर, शनिवार पाहिंग

बाटल्यांची मुदत संपली. बघायला मी गेलो नाही. इबू वेनिंगना म्हटलं, तुम्ही बघा, आणि जे असेल ते सरळ सांगा.

त्या परत आल्या. "उगवलं नाही. दोन्हीत नाही."

मी खुर्ची शोधली.

"बापाक, ऐका," त्या म्हणाल्या, आणि आवाज बराच मोठा होता. कारकुनाने मान वर केली. "एवढ्यात नाचू नका. कातडीवर ते अजून आहे, महिनोन् महिने राहील. पंपही तसेच आहेत. आणखी दोन खेपा बाटल्या स्वच्छ आल्या पाहिजेत. औषध मध्येच थांबवलं तर ते परत येईल, आणि तेव्हा ही जोडीही चालणार नाही."

"बरं," मी म्हणालो.

"आणि नळी उभी ठेवायची नाही. कुठल्याच नमुन्याची नाही. सगळ्या जुन्या ताटल्या आपण दोघं परत तपासतोय, सोमवारपासून."

"बरं."

त्या स्वतःच लाल झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "चहा घ्याल?"

२५ सप्टेंबर, सोमवार वागे

प्रमुखांनी मला आजपासून आठवडाभर नमुन्यांपासून दूर ठेवलं; जुन्या ताटल्यांचं कामही पुढच्या सोमवारवर गेलं. शिक्षा म्हणून नव्हे, असं ते दोनदा म्हणाले, म्हणजे थोडीशी होतीच. पण त्यामुळे आत जायची परवानगी मिळाली. अंगभर झगा, टोपी, मुखपट्टी, दुहेरी हातमोजे. परिचारिकेने गाठी मारल्या. एक गाठ सैल होती, मी काही बोललो नाही.

दार उघडलं. खोलीला औषधाचा आणि आजारी केसांचा वास. काचेतून वास येत नाही, हे लक्षातच आलं नव्हतं.

रासितीने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोण हाय? भाताच्या पोत्यातनं निघाल्यासारखं?"

मुखपट्टीआड तोंड कसं झालं होतं, ते बरंय तिला दिसलं नाही. पलंगाशेजारी बसलो. तिचा हात चादरीवर होता, सुयांच्या निळ्या खुणा असलेला. मी तो धरला.

"जोरात धर की. मोडत न्हाई मी."

जोरात धरला. रबरातून आधी काहीच लागलं नाही, नुसतं रबर. ती बोलत होती, पेजेबद्दल, शेजारच्या खोलीतल्या घोरणाऱ्या बाईबद्दल, माझ्या वाढलेल्या दाढीबद्दल. मी ऐकत होतो. दुरुस्त करण्यासारखं बरंच होतं. मग हळूहळू दोन्ही मोज्यांतून ऊब आली. मी घाबरून तिच्या कपाळाकडे पाहिलं. कपाळ कोरडं, डोळे स्वच्छ. ताप नव्हता. हात असतो तेवढाच गरम होता.